कार्पेटवरच्या फॉर्म्युला गाड्या: लातूरहून छत्रपती संभाजीनगरपर्यंत

पितृपंधरवड्यात लग्नाचे मुहूर्त नसल्यामुळे मंगल कार्यालये रिकामी असतात आणि भाडेही उतरलेले असते. रेडिओवर चालणाऱ्या गाड्यांसाठी मोठे, सपाट आणि छताखालचे सभागृह हवे असेल, तर मराठवाड्यात याहून सोयीचा काळ सापडणे कठीण आहे. छत्रपती संभाजीनगरच्या काही हौशी मंडळींनी हे नेमके हेरले, वाळूजच्या बाजूचे एक कार्यालय शनिवार-रविवारसाठी घेतले, त्यात कार्पेट अंथरून वळणांचा मार्ग आखला आणि एक दशांश प्रमाणाच्या फॉर्म्युला गाड्या असणाऱ्या लातूर, जालना व नांदेडच्या मंडळींना निमंत्रण दिले. लातूरकरांच्या गाड्या आतापर्यंत डांबरी वाहनतळावर किंवा सिमेंटच्या कोर्टवर धावलेल्या होत्या. पुढच्या वेळी जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून कार्पेटवर काय बदलते आणि पैसे कशावर आधी खर्चावेत, हे येथे लिहीत आहे.

लातूरहून अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई आणि शहागडला गोदावरी ओलांडून पुढे, असा आमचा रस्ता होता. या प्रवासात शर्यतीची गाडी तिच्या चाकांवर उभी ठेवून नेऊ नये. उन्हात तापलेल्या डिकीत रबरी टायर तासन्‌तास एकाच जागी दाबले गेले, की त्यांना तेथे चपटेपणा येतो आणि मग पहिल्या काही फेऱ्या गाडी थरथरत राहते. चाके काढून वेगळ्या पिशवीत ठेवावीत, किंवा चेसिसखाली लाकडी ठोकळा देऊन चाके अधांतरी राहतील असे करावे. लिथियम पॉलिमर बॅटऱ्या पूर्ण भरून नेण्याची घाई करू नये. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून, न जळणाऱ्या पिशवीत घालून, माणसे बसतात त्या भागात न्याव्यात आणि जेवायला थांबल्यावर बंद गाडीत सोडू नयेत.

आता मुख्य मुद्दा. डांबरावर या गाडीची अडचण पकड कमी पडण्याची असते आणि मागची चाके घसरू नयेत यासाठीच सारी खटपट चाललेली असते. कार्पेटवर हेच गणित उलटते. शनिवारी सकाळी कार्पेट कोरे होते तेव्हा सर्वांच्या गाड्या मागून सुटत होत्या, पण टायरचे रबर आणि टायरला लावलेले पकडद्रव्य मार्गावर उतरत गेले तशी पकड चढत गेली, आणि दुपारनंतर गाड्या वळणात घसरण्याऐवजी बाहेरच्या चाकांवर उलथू लागल्या. ज्यांनी सकाळच्या अनुभवावरून पुढची पकड वाढवून घेतली होती, त्यांचे हाल सर्वांत जास्त झाले. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी फारसे काही बदलू नये, गाडी हळू चालवावी आणि मार्ग तयार होऊ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाचा पहिला मान टायरचा. डांबरासाठीचे मऊ रबर कार्पेटवर जास्तच चिकटते, म्हणून कार्पेटसाठी बनवलेले टायर घ्यावेत आणि पुढचे टायर मागच्यांपेक्षा कडक निवडावेत. पकडद्रव्य लावून साधारण पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे आणि मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून गाडी मार्गावर सोडावी. मागच्या टायरला ते पूर्ण रुंदीला लावतात, पुढच्या टायरला मात्र आतल्या बाजूने अर्धे किंवा एक तृतीयांशच लावतात. मार्गाची पकड चढत जाईल तशी पुढची ही पट्टी अरुंद करत न्यावी. दिवसभरातला सेटअपमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी बदल हाच ठरला. बंद सभागृहात उग्र वासाचे द्रव्य वापरू नये. बहुतेक ठिकाणी आयोजकच ते चालू देत नाहीत, आणि कार्यालयाच्या मालकाने पुन्हा दारात उभे करावे असे वाटत असेल तर ते टाळणेच शहाणपणाचे आहे.

उलथणे थांबवण्याचा दुसरा उपाय म्हणजे पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला पातळ झटपट गोंदाचा लेप देणे. कडेचे रबर गोंदाने कडक झाले, की गाडी कलल्यावर ती कड कार्पेटमध्ये रुतत नाही, घसरते आणि गाडी चाकांवरच राहते. लेप एकसारखा पातळ द्यावा, टायरच्या खांद्यापर्यंतच आणावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय गाडी सोडू नये. जालन्याच्या एका महाविद्यालयीन मुलाने हा लेप चाक ड्रिलमध्ये हळू फिरवत, नळीच्या टोकाने दिला. त्याच्या टायरची कड कारखान्यातून आल्यासारखी दिसत होती आणि दुपारच्या फेऱ्यांत त्याची गाडी एकदाही उलटली नाही.

गाडीच्या रचनेकडे वळू. या गाड्यांत मोटार, मागचा आस आणि मागची चाके एका छोट्या चौकटीवर बसवलेली असतात, तिला आपण पॉड म्हणतो, आणि हा पॉड मुख्य चेसिसला जोडण्याचे दोन प्रकार आहेत. टामिया कंपनीच्या २००९ सालच्या एफ१०४ या गाडीत इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पट्टी असते आणि पॉडचे कलणे व वरखाली होणे ही दोन्ही कामे तिच्या पीळ व वाक यांवर चालतात. एक्सरे कंपनीच्या एक्स१ सारख्या गाड्यांत मध्यभागी एक गोलाकार सांधा आणि दोन्ही बाजूंना दांडे असतात. तेथे कलण्यासाठी बाजूच्या स्प्रिंगा व घट्ट सिलिकॉन भरलेल्या नळ्या, तर वरखाली होण्यासाठी मधला तेलाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, अशी कामाची वाटणी असते. दांड्यांच्या गाडीत एक गोष्ट बदलताना दुसरी बिघडत नाही, म्हणून जास्त पकडीच्या कार्पेटवर ती जुळवणे सोपे जाते. तरीही टी-पट्टीची गाडी असणाऱ्यांनी लगेच नवी घेण्याचे कारण नाही. पट्टीचे स्क्रू फार न आवळता बेताचे कसले, पॉड हाताने कलवून सोडल्यावर तो प्रत्येक वेळी त्याच जागी परत येतो की नाही हे पाहिले आणि कडक कार्बन पट्टीऐवजी किटमधली फायबरची पट्टीच ठेवली, तर ती गाडी मधल्या गटात आरामात टिकते. कार्बन दिसायला देखणा असतो, पण या जागी तो बहुधा नको तेवढा ताठ ठरतो.

पॉड कोणत्याही प्रकारचा असो, गाडीत पीळ नसणे सर्वांत महत्त्वाचे. जाड काच किंवा ग्रॅनाइटचा तुकडा पाण्याच्या पातळीनळीने सपाट ठेवावा, त्यावर बॅटरीसह गाडी उभी करावी आणि पुढच्या टोकाखाली बरोबर मध्यावर सुरीचे पाते घालून हळू उचलावे. पुढची दोन्ही चाके एकाच वेळी सुटली पाहिजेत. एक चाक आधी सुटत असेल, तर बाजूच्या स्प्रिंगांचे स्क्रू फिरवून, अथवा टी-पट्टीचे स्क्रू ढिले करून पुन्हा कसून ते सारखे करावे. याच्याही आधी डावी-उजवी वजने सारखी झालेली असावीत. त्यासाठी महागडी पितळी वजने मागवण्याची गरज नाही. मोटारींच्या चाकांचे बॅलन्सिंग करणाऱ्या टायरच्या दुकानात मागे चिकटपट्टी असलेली पाच-पाच ग्रॅमची वजने मिळतात आणि ती येथे उत्तम चालतात. जोराची धडक बसली, की ही तपासणी पुन्हा करावी, कारण उजवीकडे नीट वळणारी पण डावीकडे सुटणारी गाडी जवळजवळ नेहमी पिळलेली असते आणि चालक बिचारा स्टिअरिंगचे ट्रिम, म्हणजे रेडिओवरचे चाके सरळ करण्याचे बटण, फिरवत बसतो.

चेसिस जमिनीपासून सुमारे चार मिलिमीटर उंच ठेवतात. मंगल कार्यालयात मात्र कार्पेटच्या पट्ट्यांचे जोड उंचसखल असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी पाच मिलिमीटरवर राहणे बरे. पुढच्या किंगपिनवर, म्हणजे पुढचे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते तिच्यावर, घट्ट सिलिकॉन तेलाचा थेंब असावा. त्यामुळे पुढची चाके जोडावरून जाताना उडत नाहीत आणि गाडी वळणात एकदम झडप घालत नाही. रेडिओवर स्टिअरिंगचा कमाल कोन कमी केल्यानेही उलथणे आटोक्यात येते. त्यासाठी काही खर्च नाही, तरीही पुष्कळांना ते सुचत नाही.

मागच्या आसावरच्या बॉल डिफरन्शियलकडे, म्हणजे वळणात दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या छर्ऱ्यांच्या जुळणीकडे, लोक फार उशिरा लक्ष देतात. त्यातले छर्रे आणि चकत्या स्वच्छ असाव्यात, ग्रीस नावापुरतेच असावे आणि दोन्ही मागची चाके घट्ट धरून मोठे दातेचक्र अंगठ्याने ढकलले असता ते सहज घसरू नये. ते घसरले, तर वेग घेताना उष्णता होऊन सारे खराब होते. फार आवळले, तर गाडी वळणात शिरताना सरळच जाऊ पाहते. पोलादी छर्ऱ्यांऐवजी कार्बाइडचे किंवा सिरॅमिकचे छर्रे घालणे ही टायरनंतरची दुसरी सार्थकी लागणारी खरेदी आहे, कारण ते लवकर खडबडीत होत नाहीत आणि जुळवणी दिवसभर टिकते.

मोटारीवर खर्च करण्याची येथे गरज नव्हती. सर्वांना २१.५ वेढ्यांची सेन्सर असलेली ब्रशलेस मोटार, मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधील वाढीव टायमिंग (मोटारीचे फेरे वाढवण्याची सोय) पूर्ण बंद आणि दोन सेलची, म्हणजे ७.४ व्होल्टची बॅटरी, असा नियम होता. हिशेब फक्त दातेचक्रांचा करावा लागतो. मागच्या टायरचा व्यास ६१ मिलिमीटर असेल, तर परिघ सुमारे १९२ मिलिमीटर होतो. मोटारीवर २८ दाते आणि आसावर ८४ दाते असतील, तर मोटारीच्या एका फेऱ्यात गाडी ६४ मिलिमीटर पुढे जाते, आणि मोटारीवर एक दाता वाढवला की हे अंतर सुमारे सव्वादोन मिलिमीटरने वाढते. कार्यालयातला सरळ पट्टा आखूड असल्यामुळे वळणातून उठाव देणारे मोटारीवरचे लहान दातेचक्र अधिक उपयोगी पडते. फेरी संपताच इन्फ्रारेड तापमापकाने मोटार पाहावी. ती ७० अंश सेल्सिअसच्या वर जात असेल, तर एक दाता कमी करावा, कारण अतिउष्णतेने रोटरचे, म्हणजे मोटारीतल्या फिरत्या चुंबकाचे, चुंबकत्व कायमचे घटते.

कार्पेटविषयी एक इशारा. आयोजकांनी मुख्य वळणांत शर्यतीचे दाट विणीचे कार्पेट टाकले होते, पण उरलेल्या भागात मांडवात अंथरतात ते पातळ कार्पेट होते आणि त्याचे तंतू सुटून मागच्या आसाभोवती व पुढच्या बेअरिंगांत गुंडाळले जात होते. प्रत्येक फेरीनंतर चिमट्याने हे तंतू काढले नाहीत, तर चाके जड फिरतात आणि दोष मोटारीला दिला जातो. बारीक दातांची चक्रेही तंतू व धूळ यांना बळी पडतात. एक सुटे मोठे दातेचक्र जवळ ठेवावेच. पुढचा पंख तर सुटा हवाच हवा, आणि तो कडक प्लॅस्टिकचा नको, वाकून परत येणारा हवा. लेक्सनच्या (पारदर्शक पातळ प्लॅस्टिकच्या) बॉडीला आतून, नाकाच्या भागात, जाळीची पट्टी व बूट चिकटवण्याचा रबरी गोंद लावून घेतला, तर ती अनेक शर्यती टिकते.

सुटे भाग परदेशातून मागवायचे तर आठवडे लागतात आणि वर सीमाशुल्क भरावे लागते. वाळूजचा फायदा असा, की तेथे लेथ आणि सीएनसी चालवणारी लहान वर्कशॉपे शेकड्याने आहेत. आयोजकांपैकी एक काका स्वतः जॉबवर्क करतात. त्यांनी ग्लास-इपॉक्सीच्या शीटमधून पॉडची खालची पट्टी आणि ॲल्युमिनियमचे अर्ध्या मिलिमीटरचे स्पेसर तेथल्या तेथे करून दिले. मोडका भाग फेकू नये, नमुना म्हणून सोबत आणावा. निळ्या-जांभळ्या रंगाचे ॲल्युमिनियमचे दागिने मात्र मी कोणालाही सुचवणार नाही, कारण धडकेत प्लॅस्टिकचा हात वाकून वाचतो आणि ॲल्युमिनियमचा वाकला की वाकडाच राहतो.

कार्यालयातली व्यवस्था चांगली होती. नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सारून स्टेजवर चालक उभे राहत, त्यामुळे सारा मार्ग नजरेत येई. वीज दुपारी गेली, तेव्हा जनरेटर सुरू होईपर्यंत सर्व चार्जर थांबले. म्हणून बॅटऱ्या सकाळीच एकेक करून भरून घ्याव्यात आणि चार्जर १२ व्होल्टवर चालणारा असेल तर चारचाकीच्या बॅटरीला जोडायची तार सोबत ठेवावी. जागेसाठी स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड आणि टेबललॅम्प आणावा. खाली फरशीवर कार्पेट चिकटवताना दुहेरी टेप थेट फरशीला लावू नये. आधी कागदी मास्किंग टेप लावून तिच्यावर दुहेरी टेप लावली, तर रविवारी रात्री ती सोलून निघते आणि अनामत रक्कम पूर्ण परत मिळते. कार्पेट गुंडाळताना रबर बसलेली बाजू आत ठेवावी, पट्ट्यांना क्रमांक घालावेत आणि त्याच क्रमाने पुन्हा अंथराव्यात, म्हणजे पुढच्या वेळी शर्यतीच्या रेषेवरची पकड पहिल्याच सकाळी निम्मी तरी तयार मिळते.