तुम्ही विचारलंत म्हणून: इतके संशोधनाचे पेपर छापले, मग बोरिंगचं पाणी तसंच कसं?

मागच्या दिवाळीत घरी गेले तर ओसरीत बसलेल्या मोठेबाबांनी परत तेच विचारलं. "काहून व बाई, तीसक पेपर छापले म्हणते तुहा बाप, मंग हे बोरिंगचं पाणी काहून तसंच हाय?" मोठेबाबांची मान वळत नाही, त्यांना बाजूला पाहायचं असलं की अख्खं अंग वळवावं लागतं. त्यांना मी काय सांगणार होते. चहा घेतला आणि आत गेले.

हाच प्रश्न शाळेतल्या मैत्रिणी ग्रुपवर विचारतात, नात्यातले लोक लग्नात विचारतात, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी काकांनी विचारला, सरकारचा एवढा पैसा लागते तुमच्या युनिव्हर्सिटीवर, निघते काय त्यातून? मी दरवेळी काहीतरी अर्धवट बोलते आणि मग रात्रभर मनातल्या मनात भांडत राहते. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते, जसं आहे तसं.

मी टेक्निकल विद्यापीठात केमिस्ट्री शिकवते, माझं काम पाण्यातला फ्लोराइड काढण्यावर आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पुढे. माझे स्वतःचे दात ज्यांनी पाहिले त्यांना हा विषय मी का घेतला ते सांगायला नको. दात तयार होण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं तर दातांवर त्याचे डाग जन्मभर राहतात. मोठी माणसं वर्षानुवर्षं तेच पाणी पीत राहिली की हाडात उतरतं, सांधे आखडतात, पाठ वाकते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. आमच्या शाळेजवळच्या बोरिंगला मी मोजलं तेव्हा ४.१ होतं.

२०१६ मध्ये माझा पेपर आला. पऱ्हाटीपासून फिल्टरचं मटेरियल. कापूस वेचून झाला की वावरात पऱ्हाट्या उभ्या राहतात, लोक उपटून सरपणाला नेतात नाहीतर धुऱ्यावर पेटवून देतात, त्याच पऱ्हाटीचा कोळसा करून त्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवला. एका ग्रॅमला जवळपास ७ मिलिग्रॅम फ्लोराइड धरते असा आकडा निघाला. पेपरच्या शेवटी मी लिहिलं की हे ग्रामीण भागासाठी स्वस्त पर्याय ठरू शकते. हे वाक्य या विषयावरच्या किती पेपरांच्या शेवटी मी वाचलंय त्याला मोजमाप नाही. मी पण लिहिलं. तोवर गावच्या पाण्याचा एक थेंबही त्या मटेरियलमधून गेला नव्हता.

आता बाजू मांडते, कारण माझ्याकडेही बाजू आहे. तो आकडा खोटा नव्हता. तो आकडा ज्या समीकरणातून काढतात ते लँगम्यूरचं १९१८ चं आहे, आणि त्या माणसाने ते काच, अभ्रक आणि प्लॅटिनमवर वायू कसे चिकटतात हे बघताना मांडलं होतं. बल्ब बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचा तो. पाणी, फ्लोराइड, यवतमाळ त्याच्या डोक्यात कुठून असणार? तेव्हा कोणी त्याला उपयोग काय असं विचारून थांबवलं असतं तर माझ्याकडे मोजायचं साधनच नसतं. तुमच्या घरातला एलईडी बल्ब घ्या, आत निळा उजेड देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड घेऊन पिवळा देणाऱ्या पदार्थाचा लेप, दोन्ही मिळून पांढरं दिसते. त्या निळ्या एलईडीला २०१४ चं नोबेल मिळालं. आपल्या विदर्भात फिजिक्सवाले कितीतरी वर्षांपासून फॉस्फरवर काम करून राहिले, त्यांनाही गावी गेल्यावर हेच विचारतात. आणि आमच्याकडे गणितातली एक मैत्रीण आहे, तिला तर कोणी विचारतही नाही, फक्त बघतात. सिव्हिलवाले काळ्या मातीत औष्णिक केंद्रांची राख मिसळून ती पावसाळ्यात किती फुगते ते मोजतात, त्यांचं काम तरी रस्त्यावर दाखवता येते. सगळ्यांना एकच फुटपट्टी लावू नका एवढंच म्हणणं आहे.

पण हे सगळं बोलून झालं की ती अंगणवाडीतली वही आठवते.

२०१९ च्या जानेवारीत मी शाळेत फिल्टर बसवला. ड्रममध्ये आठ किलो मटेरियल, वरून बोरिंगचं पाणी, खाली तोटी. शाळा आणि अंगणवाडी मिळून रोजचं २०० लिटर. हिशोब अगदी नीट केला होता. आठ किलो म्हणजे ५६,००० मिलिग्रॅम धरायची ताकद, रोज काढायचे साधारण ६६०, म्हणजे पंच्याऐंशी दिवस. मी सावध म्हणून अर्धेच धरले आणि अंगणवाडीच्या काकूंना सांगितलं, चाळीस दिवस काही बघायचं नाही. तरी टेस्टिंगची किट देऊन आले. पाण्यात थेंब टाकायचे, रंग गुलाबी राहिला तर चांगलं, पिवळा झाला तर फ्लोराइड आलं.

त्याआधी मुलांसाठी पाणी कुठून यायचं? अंगणवाडीची मदतनीस रोज सकाळी एका वावरातल्या विहिरीवरून चार गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, डोक्यावर आणायची, अर्धा-पाऊण किलोमीटर. उथळ विहीर, पाणी गोड. बाकी पोरं बोरिंगवर प्यायची, पण निदान अंगणवाडीतली लहान पोरं तरी विहिरीचं प्यायची. फिल्टर बसला त्या दिवशी मी तिला म्हटलं, आता तुमची पायपीट गेली. ती केवढी हसली होती.

नवव्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला. मी दक्षिणेत एका कॉन्फरन्सला होते, दुसऱ्या दिवशी याच मटेरियलवर माझं प्रेझेंटेशन होतं. "अवं माय, रंग पिवळा येऊन रायला." मी म्हटलं किट उन्हात राहिली असेल, औषध खराब झालं असेल, सावलीत ठेवा, मी आल्यावर बघते. चाळीस दिवसांचा माझा हिशोब होता, नवव्या दिवशी कसं संपेल? मला औषधावर शंका आली, हिशोबावर नाही आली. काकू म्हणाल्या बरं. त्यांनी मागच्या आठवड्यापासून पाणी जरा तुरट लागते असंही सांगितलं, ते मी नीट ऐकलंच नाही. तुरट लागते म्हणजे ॲल्युमिनियम सुटत असू शकते हे केमिस्ट्रीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला कळलं असतं.

परत आले तर परीक्षेची ड्युटी, मग कमिटी येणार म्हणून फायली. गावात पोचले तेव्हा तो फोन येऊन एकवीस दिवस झाले होते.

काकूंनी वही काढली. रोजची तारीख आणि समोर रंग. आठ दिवस गुलाबी, गुलाबी, गुलाबी. नंतर पिवळा. त्याच्याखाली पिवळा. पान उलटलं तरी पिवळा. एक दिवस सुटला नव्हता, रविवारीसुद्धा घरून येऊन थेंब टाकले होते त्यांनी. मी औषध खराब म्हटलं म्हणून पाणी थांबवलं नाही, पण लिहायचंही थांबवलं नाही. सोबत आणलेल्या मीटरवर मोजलं. फिल्टरमधून ३.९. विहिरीचं ०.७. म्हणजे एकवीस दिवस ती लहान पोरं चांगलं पाणी सोडून बोरिंगचं पाणी प्यायली, माझ्यामुळे, आणि फिल्टरचं आहे म्हणून पोटभर प्यायली.

एकवीस दिवसांत कोणाचे दात खराब होत नाहीत, हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं, आताही सांगते, आणि ते खरं आहे. मदतनीस काही बोलली नाही. तिने कोपऱ्यातला गुंड उचलला, आतून घासला आणि विहिरीकडे गेली. काकूंना मी ती वही मागितली, माझ्या रेकॉर्डला. त्या म्हणाल्या, "हे आमच्याजवळच राहू दे." मी मोबाइलवर फोटो काढून घेतले.

का झालं ते शोधायला मला आठवडाही लागला नाही, कारण ते मला माहीत होतं. लॅबमध्ये आम्ही डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडियम फ्लोराइड टाकतो आणि ॲसिडने पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ६ वर आणतो, थोडं आम्लाकडे. गावच्या पाण्याचा पीएच ८.३, आणि बायकार्बोनेट, म्हणजे खायच्या सोड्यात असतो तो क्षार, भरपूर. पीएच वाढला की मटेरियलचा पृष्ठभाग ऋण होतो आणि फ्लोराइडला, तेही ऋणच, ढकलतो, उरलेल्या जागा बायकार्बोनेट बळकावते. हिशोब केला तर गावात त्या मटेरियलने ग्रॅमला ०.७ च्या आसपासच धरलं होतं, पेपरातल्या आकड्याचा दहावा हिस्सा. आणि जीव जाळणारी गोष्ट अशी की पाण्यात बायकार्बोनेट जास्त असलं की कॅल्शियम चुन्यासारखं खाली बसते आणि कॅल्शियम कमी झालं की दगडातलं फ्लोराइड आणखी विरघळते. म्हणजे जिथे फ्लोराइड जास्त तिथे बायकार्बोनेट असणारच. हे मी दरवर्षी एमएस्सीला शिकवते. २०१६ च्या पेपरमध्ये बायकार्बोनेटचा एक ग्राफ आहे, त्यात कामगिरी घसरलेली दिसते, आणि त्यावर मी एक ओळ लिहिली आणि पुढे गेले. तेव्हाची मी म्हणेल की पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने हरकत घेतली नाही, सगळे असंच करतात. सगळे करतात हे मान्य. पण सगळ्यांचे मोठेबाबा त्या बोरिंगवर नव्हते, तुझे होते.

गावातल्या त्या महिन्यावर मी एक पेपर लिहिला. जर्नलने परत पाठवला, नवीन काही नाही म्हणून. दुसरीकडे पाठवायला हवा होता. नाही पाठवला. प्रमोशनला पेपर मोजायचे होते आणि नवं मटेरियल बनवलं की सहा महिन्यांत पेपर होतो, मी ते केलं. आज त्या ७ वाल्या पेपरला ऐंशीच्या वर सायटेशन आहेत, म्हणजे तितक्या पेपरांत त्याचा हवाला आहे, लोक आपल्या टेबलमध्ये तो आकडा टाकतात. ०.७ कुठेच छापलेलं नाही. तो काकूंच्या वहीत आहे आणि आता इथे.

सिस्टीमला दोष देणं सोपं आहे आणि तो अर्धा बरोबरही आहे. एनआयआरएफमध्ये, म्हणजे सरकारच्या विद्यापीठ रँकिंगमध्ये, शंभरातले तीस रिसर्चचे, त्यात पेपर आणि सायटेशन, गावात काय बिघडलं याला रकाना नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ जर्नलं काढली, २०२२ मध्ये पीएचडीआधी पेपरची सक्ती काढली, म्हणजे नुसत्या मोजण्यात गडबड आहे हे त्यांनाही दिसलंच. पण ज्या पेपरांना मी शिव्या घालते त्यांच्यावरच मला प्रोजेक्ट मिळाला, त्या प्रोजेक्टमधून मीटर आलं, आणि त्या मीटरमुळेच ३.९ कळलं. हे कसं सोडवायचं? मला नाही सुटलेलं.

फ्लोराइड काढायच्या नलगोंडा पद्धतीचं उदाहरण मी मुलांना देते. नागपूरच्या नीरीने, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने, सत्तरच्या दशकात काढली, तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर, बस. तिलाही अडचणी आहेत, गाळ फार निघतो, ॲल्युमिनियम मागे राहू शकते. पण खेड्यातल्या बादलीत करता येईल असा विचार करून ती बनवलेली होती. मी माझं मटेरियल बनवताना बादली डोळ्यासमोर ठेवली नव्हती, ग्राफ ठेवला होता.

या वर्षी दोन एमएस्सीच्या पोरांना मी गावाच्या आजूबाजूच्या सगळ्या बोरिंग आणि विहिरींचं पाणी गोळा करायला लावलं आहे, पावसाआधी आणि पावसानंतर, डिस्टिल्ड वॉटरला हात लावायचा नाही. त्यातल्या एकाने विचारलं, मॅडम, यातून पेपर होईल का? मी त्याला रागावले आणि मग वाईट वाटलं, कारण त्याला पुढे नोकरी लागायची आहे आणि त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

मोठेबाबांसाठी घरचे आता विहिरीचंच पाणी आणतात. काकूंच्या वहीत विहिरीचा पण एक रकाना झाला आहे. ती विहीर मे महिन्यात आटते. तेव्हा पोरांना काय पाजायचं हे काकूंनी मला मागच्या आठवड्यात फोन करून विचारलं. मी म्हटलं बघते, आणि लगेच लक्षात आलं की हेच मी तेव्हाही म्हटलं होतं. येत्या शनिवारी जाऊन राहिले.