आमची वाटचाल: रामबागेतल्या दोन खोल्या आणि ‘सांधा’ नावाची फाइल

१ एप्रिल २००६ ला मध्य प्रदेशात व्हॅट लागू झाला आणि त्याच महिन्यात इंदूरच्या रामबागेत, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर करायला बसलो. गिऱ्हाईक म्हणजे सियागंजचे किराणा व्यापारी, दवा बाजारातले ठोक विक्रेते आणि आसपासची मेडिकलची दुकानं. प्रोग्रॅम सी शार्प या भाषेत, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट २.० वर; प्रोग्रॅम चालायला हे डॉटनेट त्या संगणकावर आधी बसवलेलं लागतं. दुकानातला संगणक विंडोज एक्सपीचा, २५६ एमबी रॅमचा, काउंटरखाली मिरचीच्या धुळीत ठेवलेला. जे चालतंय ते व्यापारी बदलत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. त्याला बिल हवं असतं.

२००८ मध्ये आतेबहीण इंदूरच्याच एसजीएसआयटीएस कॉलेजमधून इंजिनिअर होऊन आमच्यात आली. माझा कोड बघून म्हणाली, “दादा, एवढ्याशा कामाला इतक्या ओळी?”

“अगं, दुकानांत डॉटनेट २ आहे. ३.५ चं पॅकेज दोनशे एमबीच्या घरात जातं. प्रत्येकाकडे जाऊन ते टाकणार कोण?”

“टाकायचंच नाही. भाषा नवी घेऊ, डॉटनेट जुनंच राहू दे.”

मला हे पटायला दोन दिवस लागले. तोवर मी भाषा आणि डॉटनेट एकच धरून चाललो होतो. भाषा कंपायलर वाचतो, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमचं संगणकाच्या सूचनांत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, आणि तो आमच्या टेबलावर असतो. दुकानात पोचतात त्या कंपायलरने काढलेल्या सूचना. सी शार्प ३ मधले लॅम्डा, ‘व्हार’, आपोआप तयार होणाऱ्या प्रॉपर्टी या सगळ्यांचं भाषांतर डॉटनेट २ ला कळणाऱ्या जुन्याच सूचनांत होतं. ३.५ सुद्धा आतून २.० च्याच इंजिनावर चालत होतं. प्रोग्रॅम लिहायच्या व्हिज्युअल स्टुडिओ २००८ मध्ये टार्गेट, म्हणजे कुठल्या डॉटनेटसाठी बनवायचं ते, २.० निवडलं की झालं.

अडलं ते एक्स्टेन्शन मेथडवर, म्हणजे दुसऱ्याच्या क्लासला बाहेरून जोडलेल्या मेथडवर. तिच्यावर कंपायलर ‘एक्स्टेन्शन अ‍ॅट्रिब्यूट’ नावाचं चिन्ह लावतो, आणि ते चिन्ह ३.५ च्या लायब्ररीत होतं. पण कंपायलर ते फक्त नावाने शोधतो. बहिणीने त्याच नावाचा, त्याच नेमस्पेसमधला चार ओळींचा रिकामा क्लास लिहिला आणि एडिटरमधली चूक दाखवणारी लाल रेघ गेली. लिंक क्वेरीचंही, म्हणजे यादीतून हवं ते निवडायच्या सोयीचंही, तसंच. ‘व्हेअर’ लिहिलं की कंपायलर त्या नावाच्या मेथडला हाक मारतो, मग ती कोणी का लिहिलेली असेना. लागतील तेवढ्या मेथड आम्हीच लिहिल्या. त्या फाइलला तिने नाव दिलं ‘सांधा’.

पुढे २०११ मध्ये डॉटनेट ४.० वर आलो. सांध्याची गरज संपली, फाइल काढून टाकली.

आणि २०१३ च्या मार्चअखेरीस त्याच चिन्हाच्या नावाने आम्हाला रडवलं.

ऑफिसात नवा संगणक आला होता. त्यावर डॉटनेट ४.५ होतं, टार्गेट मात्र आम्ही ४.० च ठेवलं होतं. सगळ्या फाइली जोडून एकच एक्झी, म्हणजे थेट चालणारी फाइल, करायची आमची पद्धत होती. नव्या आर्थिक वर्षाचं अपडेट आमच्याकडच्या प्रत्येक संगणकावर व्यवस्थित उघडलं, म्हणून ३० मार्चला दुकानांत वाटून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सियागंजमधून फोन सुरू. “भैया, सॉफ्टवेयर खुल ही नहीं रहा।”

मी मोटारसायकल काढली. दुकानात वर्षअखेरीची गर्दी, मुनीमजी वहीवर हाताने बिल लिहीत होते. पडद्यावर चौकट होती: एमएसकॉरलिबमध्ये, म्हणजे डॉटनेटच्या मूळ लायब्ररीत, एक्स्टेन्शन अ‍ॅट्रिब्यूट सापडत नाही. तिथे उभ्या उभ्याच बहिणीला फोन लावला. शोधता शोधता संध्याकाळ झाली. ४.५ आलं की ते ४.० च्या जागीच बसतं, विंडोजमधला फोल्डरही तोच, ‘व्ही ४.०.३०३१९’. आणि ४.५ मध्ये ते चिन्ह सिस्टिम कोअर या दुसऱ्या लायब्ररीतून उचलून एमएसकॉरलिबमध्ये नेलेलं आहे. कंपायलरने योग्य तेच केलं होतं. फाइली जोडणाऱ्या टूलला मात्र आम्ही विंडोजचा फोल्डर दाखवला होता, आवृत्तीनिहाय लायब्ररी जपणाऱ्या रेफरन्स अ‍ॅसेम्ब्लीजमधला ४.० चा नाही. एक्सपीवर ४.५ बसतच नाही, म्हणून नेमकी एक्सपीवालीच दुकानं बंद पडली. चूक सर्वस्वी आमची होती. वाट बदलली, एका ओळीचा फरक, आणि रात्री अकरापर्यंत घरोघर पेन ड्राइव्ह पोचवले. त्या दिवसापासून ऑफिसात एक एक्सपीचा संगणक मुद्दाम तसाच ठेवला होता, त्यावर नवं काहीही चढवत नव्हतो. त्याच्यावर उघडल्याशिवाय बाहेर काही जात नव्हतं.

२०१७ मध्ये १ जुलैला जीएसटी आला. गिऱ्हाईक नोंदणीकृत आहे की नाही, जीएसटीआयएनचे, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांकाचे, पहिले दोन आकडे मध्य प्रदेशचे २३ आहेत की दुसऱ्या राज्याचे, त्यावर सीजीएसटी-एसजीएसटी की आयजीएसटी, हे प्रत्येक बिलावर बघायचं. नोंदणी नसलेल्याचा नंबरच नाही, म्हणजे जागोजागी रिकाम्याची तपासणी. सी शार्प ६ चं प्रश्नचिन्ह-टिंब, म्हणजे समोर रिकामं असेल तर तिथेच थांबणारी खूण, इथे फार उपयोगी होतं. पण बिलाच्या छपाईचा डिझायनर आमच्या व्हिज्युअल स्टुडिओ २०१३ मध्येच चालत होता. मग नुगेट या तयार पॅकेजांच्या भांडारातून नवा कंपायलर प्रोजेक्टला जोडला. बिल्ड निघायचं, एडिटर मात्र जुनाच, तो प्रत्येक नव्या चिन्हाखाली लाल रेघ ओढायचा.

जूनभर आम्ही असंच काम केलं, आणि त्या घाईत ते बरोबरच होतं. पण कायमचं असं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्याने आलेल्या मुलाने खऱ्या चुकीची रेघही खोट्यातली समजून सोडून दिली आणि एका मेडिकलच्या बिलात कराची रक्कम चुकली. त्या काकूंनी नुसतं विचारलं, “बाळा, हे आकडे एकदा बघतोस का?” मला फार लाजल्यासारखं झालं. दिवाळीच्या आत छपाईचा भाग वेगळ्या प्रोजेक्टमध्ये काढून जुन्या टूलमध्ये ठेवला, बाकी सगळं व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ वर नेलं.

आता आम्ही डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर आहोत. तिथे सी शार्पची ठरलेली आवृत्ती ७.३, पण प्रोजेक्ट फाइलमध्ये आकडा वाढवता येतो. मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही, म्हणून आम्ही जपून घेतो. इंटरफेसमध्ये, म्हणजे मेथडच्या नुसत्या नावांच्या यादीत, मेथडचा मजकूर लिहायची सोय मिळत नाही, ती इंजिनाच्याच हातात आहे. रेकॉर्ड, म्हणजे माहिती ठेवायचे थोडक्यात लिहिता येणारे क्लास, मात्र हवे होते. ऑफिसातला मुलगा म्हणाला, ‘इज एक्स्टर्नल इनिट’ नावाचा क्लास सापडत नाही म्हणतंय. बहीण खुर्चीवरून उठली, त्याच्या कीबोर्डवर तीन-चार ओळी लिहिल्या आणि फाइल सेव्ह करताना नाव टाकलं: सांधा.