तिसऱ्यांदा तुटलेली दोरी

कोथरूडमधील एका सोसायटीचे गवत कापायचे यंत्र जुलै महिन्यात तिसऱ्यांदा माझ्या धायरीच्या वर्कशॉपमध्ये आले, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या माळीकाकांच्या हातात नुसती मूठ होती आणि मुठीखाली दोरीचे वीतभर शेपूट लोंबत होते. सोसायटीच्या सचिवांनी आधीच फोन करून "महिन्याभरात दोरीची दोन बिले झाली, आता तिसरे देणार नाही" असे बजावले होते, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

स्टार्टरची दोरी, म्हणजे इंजिन चालू करायला ओढायची दोरी, बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. ठिणगी पाडणाऱ्या प्लगची कॅप काढून ठेवायची, स्टार्टरचे झाकण उतरवायचे, दोरी जिच्यावर गुंडाळते ती पुली स्प्रिंग पूर्ण आवळेपर्यंत फिरवायची आणि मग पुलीचे भोक झाकणाच्या भोकासमोर येईल इतकी मागे सोडून लॉकिंग पक्कडीने धरून ठेवायची. नवी नायलॉनची दोरी दोन्ही भोकांतून ओवायची, तिची टोके लायटरने वितळवून बंद करायची, आठाची गाठ मारायची आणि पक्कड काढल्यावर पुली हाताने आवरत दोरी हळूहळू आत जाऊ द्यायची. पुली झाकणातून उचलायची मात्र नाही, कारण खाली गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग सुटली की ती कुठे लागेल याचा नेम नसतो. माझ्या हनुवटीवरची खूण शिकाऊ असतानाच्या अशाच घाईची आहे.

पहिल्या वेळी दोरी जुनी होती, त्यामुळे ती झिजून तुटली असे धरून मी बोहरी आळीतून आणलेली 4 मिलिमीटर जाडीची नवी दोरी घातली. ती नऊ दिवसांत तुटली, तेव्हा मी विचार न करता 5 मिलिमीटरची घातली. हे चुकलेच होते, कारण जाड दोरी पुलीच्या खाचेत पूर्ण मावत नाही, झाकणाला घासते आणि मूठ जागेवर परत येत नाही. त्या दुसऱ्या खेपेला काका म्हणाले होते, "दादा, दोरीचं काय न्हाय, मशीनच हात वढतंय." मी हसून त्यांना दोरी सरळ रेषेत ओढण्याचा सल्ला दिला होता.

तिसऱ्या वेळी मी आधी तुटलेले टोक भिंगाखाली धरले. घासून तुटलेल्या दोरीवर आधी कापसासारखा भुगा येतो आणि ती बोटभर लांबीपर्यंत बारीक होत जाते. इथे दोरी शेवटपर्यंत एकसारखी जाड होती आणि एकाच जागी हिसक्याने तुटल्यासारखी दिसत होती. दोरी बाहेर येते ती कडीही गुळगुळीत होती. म्हणून 4 मिलिमीटरची दोरी पुन्हा घालून मी प्लग कॅप न लावता ती ओढून पाहिली, तर इंजिन अगदी अलगद फिरले. कॅप लावून ओढली आणि मूठ माझ्या हातातून अशी खेचली गेली की हात बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिणला. काका काहीच बोलले नाहीत.

पिस्टन वर येत असताना, तो माथ्यावर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडायला हवी. ती फार लवकर पडली, तर पेटलेला वायू पिस्टनला उलट दिशेने खाली ढकलतो, फ्लायव्हील हे इंजिनाचे जड चाक मागे फिरते आणि त्याला जोडणाऱ्या खटक्यांत अडकलेली पुली दोरीला आत ओढून घेते. ठिणगीची वेळ ठरते फ्लायव्हीलवरच्या चुंबकाने, आणि फ्लायव्हील क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्यावर, नेमके जागेवर बसते ते एका छोट्या चावीमुळे, म्हणजे दोघांच्या खाचांत बसणाऱ्या धातूच्या तुकड्यामुळे. फ्लायव्हीलचा नट काढून टॉर्च मारल्यावर दोन्ही खाचा एका रेषेत नाहीत, हे वरूनच दिसले. पुलर लावून फ्लायव्हील उचलले, तेव्हा चावीला मधोमध पायरी पडलेली होती.

त्या इंजिनाची चावी मऊ धातूची असते, आणि ते हेतुपुरस्सर असते. पाते क्रँकशाफ्टच्या खालच्या टोकाला थेट बसवलेले असल्याने ते दगडावर आदळले की शाफ्ट जागीच थांबतो, पण वजनदार फ्लायव्हील वेगात पुढे सरकते आणि मधली चावी कापली जाते. फ्लायव्हील असे पुढे सरकले की चुंबक ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलसमोर लवकर येतो, म्हणून ठिणगीही लवकर पडते. पोलादाची चावी करून घेण्याचा मोह अनेकांना होतो. पण मग पुढच्या धक्क्याला चावीऐवजी शाफ्ट किंवा फ्लायव्हील जाते.

"काका, पातं कुठं लागलं होतं का?" मी विचारले.

"लागलं की. पाण्याच्या टाकीपाशी धोंडा हाय. पयल्या पावसात माती व्हाऊन गेली, तवा वर आला."

टेकडीलगतच्या त्या सोसायटीत मुरुमावर लाल मातीचा पातळ थर टाकून हिरवळ केली आहे, त्यामुळे खालचा काळा पाषाण दर पावसाळ्यात कुठे ना कुठे डोके वर काढतोच. मी पात्याचे टोक जमिनीपासून किती उंचीवर फिरते ते चारही बाजूंनी मोजून शाफ्ट वाकलेला नाही याची खात्री केली, शाफ्टचा निमुळता भाग कोरडा पुसून नवी चावी बसवली आणि नट टॉर्क रेंचने आवळला. काकांनी दुसऱ्या ओढीत यंत्र चालू केले. सचिवांना मी फक्त चावीचे बिल पाठवले आणि आधीच्या दोन दोऱ्यांचे पैसे परत केले.

दिवाळीनंतर तेच यंत्र तेल बदलण्यासाठी आले. दोरी चांगली होती, मूठ जागेवर बसत होती, पण पात्याच्या एका टोकाला ठेचल्याची ताजी खूण होती, म्हणून मी तेलाआधी फ्लायव्हीलचा नट सोडवायला घेतला.