हिरवा दिवा

मे महिन्याचं विजेचं बिल तीन हजारांच्या वर गेलं. मुलगा सुट्टीला आला होता आणि त्याच्या खोलीतला एसी दिवसरात्र घुरघुरत होता, त्यामुळे नवल काहीच नव्हतं. तरी बिल हातात आल्यावर पोटात गोळा यायचा तो आलाच. ह्यांनी "किती?" एवढंच विचारलं. मुलाने तेही विचारलं नाही.

रात्री साडेअकराला मात्र फोनने विचारलं, "तुमचंही वीजबिल जास्त येतं का?" दिवसभरात इतक्या आपुलकीने विचारणारा तो पहिलाच.

व्हिडिओत पांढरा डबा होता, साबणाच्या वडीएवढा. प्लगमध्ये खोचायचा की हिरवा दिवा लागतो आणि बिल निम्म्यावर येतं. निवेदिकेचं मराठी विचित्र होतं. "वीज वाचवा" म्हणताना चमच्यातल्या 'च'ऐवजी ती चंद्रातला 'च' काढत होती. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मी काय म्हटलं? कंपनी बाहेरची असेल, निदान मराठीत बोलायची धडपड तरी करतेय बिचारी! कोट घातलेला एक गृहस्थ म्हणाला, वीज कंपन्या हे तुमच्यापासून लपवतात. मी मनात म्हटलं, लपवणारच, त्यांचा धंदा बुडेल नाही तर. पत्ता कुठेच दिसेना. असेल खाली, माझाच चष्मा पलंगाजवळ राहिलाय. जाहिरातीतलं एकेक भोक दिसत होतं आणि प्रत्येकाला ठिगळ मीच लावत होते.

२,४९९ रुपयांवर काट मारून ४९९. वर लाल आकड्यांत उलटी मोजणी: नऊ मिनिटं बेचाळीस सेकंद. 'फक्त ७ नग शिल्लक.' 'पुण्यातील एका ग्राहकाने २ मिनिटांपूर्वी खरेदी केली.' पुण्यात रात्री साडेअकराला माझ्यासारखीच कुणीतरी जागी आहे, या विचाराने इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पैसे डबा हातात पडल्यावर द्यायचे होते. मग फसायचा प्रश्नच कुठे येतो? मी पत्ता भरला. नंतर सहज ते पान पुन्हा उघडलं, तर घड्याळ परत दहा मिनिटांवर आणि नग पुन्हा सात. मला वाटलं, माझं नशीब, वेळेत घेतला.

या लटक्या घाईला सरकारदरबारीही नाव आहे, हे फार उशिरा कळलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या नोव्हेंबरात ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली, त्यात पहिलाच मान हिचा. कोटवाल्या गृहस्थाचं तर काय बोलावं! जानेवारी २०२४मध्ये खुद्द सचिन तेंडुलकरला सांगावं लागलं, की एका गेमिंग ॲपची तारीफ करणारा तो व्हिडिओतला मी मी नव्हेच. त्याचा चेहरा जिथे संगणकावर उसना घेता येतो, तिथे एका कोटाची काय कथा.

लहानपणी म्हसवडच्या जत्रेत डाग काढायची पावडर विकणारा एक जण यायचा. गर्दीतल्या कुणाचा तरी काळा पडलेला चांदीचा करगोटा मागून घ्यायचा, चोळायचा आणि लखलखीत करून उंच धरायचा. तरी हात कुणाचा खिशात जायचा नाही. मग एक फेटेवाला पुढे व्हायचा, "दोन पुड्या द्या," म्हणायचा, आणि त्याच्यामागून सगळी झुंबड. दुपारी तोच फेटेवाला पावडरवाल्याच्या मांडीला मांडी लावून भेळ खाताना दिसला. मी वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्यांचाच माणूस गं तो." म्हणजे हे ज्ञान मला वयाच्या आठव्या वर्षीच झालेलं होतं. फक्त जत्रेत शेजारी वडील उभे होते. रात्री साडेअकराला अंथरुणात शेजारी कुणी नसतं. जे असतात ते घोरत असतात.

डबा आला. डिलिव्हरीवाला म्हणाला, "आधी पैसे, मग खोका उघडा, आम्हाला तशी परवानगी नाही." दिले. स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारच्या प्लगमध्ये डबा खोचला. हिरवा दिवा लागला.

आणि बिल खरंच कमी झालं! जूनचं उतरलं, जुलैचं तर निम्म्याच्याही खाली. मी ह्यांच्यासमोर दोन्ही बिलं टाकली, एक शब्दही न बोलता. व्हॉट्सॲपवर कंपनीकडून अभिप्रायाची विचारणा आली, तेव्हा पाच चांदण्या दिल्या आणि वर लिहिलं, 'स्वतः वापरून सांगते, बिल निम्म्यावर आलं. प्रत्येक गृहिणीने घ्यावा.' शब्द न् शब्द खरा होता. इचलकरंजीच्या नणंदेला फोन केला. तिने दोन मागवले.

ऑगस्टात पंखा फिरेना म्हणून वायरमन आला. त्याने पंख्याचा कंडेन्सर बदलला आणि जाता जाता त्याची नजर प्लगकडे गेली. "काकू, हे कितीला घेतलंत?" मी अभिमानाने सांगितलं. त्याने काही न बोलता डबा उपसला, स्क्रू काढले आणि ओट्यावर उघडला. आत नखाएवढी पट्टी, दोन दिवे आणि एक काळी चौकोनी वडी. "हा बघा, आत्ता पंख्यात बसवला त्याचाच भाऊ. एवढ्या पैशांत चारपाच पंखे दुरुस्त झाले असते."

"पण बिल कमी आलं त्याचं काय?"

त्याने स्टुलावर बसून समजावलं. कारखान्यात मोठमोठ्या मोटारी असतात, तिथे असे कंडेन्सर खरोखर बसवतात, कारण त्यांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी खरी कामी किती आली त्याचा, हिशेब असतो. घरच्या मीटरला त्याच्याशी देणंघेणं नाही. तो फक्त युनिट मोजतो. हजार वॉटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, मग शेजारी डबा असो नाहीतर नारळ. "उलट हा दिवाच थोडी वीज खातो," म्हणाला. म्हणजे गोष्ट धादांत खोटी नव्हती. दुसऱ्या कुणाची तरी खरी गोष्ट मला विकली होती.

ह्यांनी तोवर कपाटातली बिलांची फाइल काढली. (हा माणूस वर्षभर गप्प बसतो तो अशाच क्षणासाठी.) मागच्या वर्षीचा जुलै: १५८ युनिट. या वर्षीचा, डब्यासकट: १६१. पाऊस पडला होता, मुलगा परत गेला होता, एसीला कापड गुंडाळून महिना झाला होता. बिल निम्मं केलं ते आभाळाने आणि चांदण्या मिळाल्या डब्याला. फेटा तेवढा माझ्या डोक्यावर नव्हता, बाकी "दोन पुड्या द्या" मी अगदी मनापासून ओरडले होते, भेळही न खाता.

अभिप्राय पुसायला गेले, तर ते पान उघडेचना. व्हॉट्सॲपच्या नंबरवर लिहिलं, त्याला एकच बारीक टिकमार्क येऊन राहिला. उरली नणंद. दोन दिवस धीर गोळा करून फोन लावला, सगळं सांगितलं, तिचे ९९८ रुपये मी देते म्हटलं.

"अहो वहिनी, मला कळलंय ते कधीच," ती म्हणाली. "आमच्या पिंट्याने महिन्यापूर्वीच उघडून दाखवलं."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही एवढ्या खुशीत होतात! आणि एक देवघरापाशी लावलाय, राहू दे. रात्री पाण्याला उठलं की बरा उजेड पडतो."