गिब्राल्टरची निळी पट्टी

हॅनोव्हरला राहायला आल्यापासून लाइने नदीकाठच्या शनिवारच्या जुन्या बाजारात मी नियमाने जातो. आज तेथे, एका वृद्ध विक्रेत्याच्या काचेच्या पेटीत, 'गिब्राल्टर' अशी पिवळी अक्षरे असलेली, लष्करी गणवेशाच्या बाहीवर शिवायची निळी पट्टी पाहिली आणि बराच वेळ तिथून हलवेना.

१७७९ ते १७८३ या काळात स्पेन आणि फ्रान्सच्या वेढ्यात, स्पेनच्या दक्षिण टोकाजवळचा गिब्राल्टर हा ब्रिटिश किल्ला लढवणाऱ्या ब्रिटिश फौजेत हॅनोव्हरच्या पलटणीही होत्या, कारण ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज हाच हॅनोव्हरचाही शासक होता. पुढे १८६६ मध्ये प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याने हॅनोव्हर गिळंकृत केले; तरीही जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने १८९९ मध्ये त्या पलटणींची परंपरा ७३व्या फ्युझिलिअर (पायदळ) रेजिमेंटसह काही तुकड्यांकडे सोपवली आणि १९०१ मध्ये ही पट्टी उजव्या बाहीवर मिरवण्याचा मान दिला. पहिल्या महायुद्धात याच जर्मन तुकड्या ब्रिटिशांविरुद्ध लढल्या, तेव्हाही त्यांच्या बाहीवर ब्रिटिशांच्या बाजूने मिळवलेल्या यशाचे नाव होते. मला हा विरोधाभास फार हेलावून टाकतो.

विक्रेत्याने पट्टी हातात दिली. मागच्या बाजूला जुन्या टाक्यांची छिद्रे आणि न विटलेला गडद निळा रंग दिसत होता. अतिनील दिव्याखाली धागा चमकला नाही, म्हणजे आधुनिक कृत्रिम धाग्याची शंका कमी झाली. नाझी चिन्हांच्या वस्तू मी संग्रहात ठेवत नाही. ही पट्टी मात्र त्याआधीच्या काळातली, म्हणून मी ती घरी आणली.