राज्य कोणावर?

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा दर वर्षी हिवाळ्यात भरतो. सुरुवातीच्या वर्षांत त्याचा साचा ठरलेला होता. स्वागत, प्रास्ताविक, जुन्या शिक्षकांचा सत्कार, मग एकेकाने उठून नाव, हुद्दा आणि मुलं काय करतात ते सांगायचं, शेवटी आभार. भेटून आनंद व्हायचाच, पण सगळे तो जरा सांभाळूनच दाखवायचे. पाचवीत ज्याच्या दप्तरात बेडूक सोडला होता त्याला आता 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', इथपासूनच अडायचं.

एका वर्षी खेळाच्या सरांचा सत्कार होता. सर निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, काठी टेकत आले होते. शाल पांघरून झाली, माइक हातात दिला, आणि सर आता चार शब्द बोलतील म्हणून आम्ही सरसावून बसलो. सरांनी माइक बाजूला ठेवला, खिशातून शिट्टी काढली आणि वाजवली. एक लांब, दोन आखूड. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं! त्यात बँकेचे मोठे अधिकारी होते, दोन डॉक्टर होते, स्वतः मुख्याध्यापिका झालेली आमची एक मैत्रीण होती. "मैदानावर चला. चार रांगा. पोटं आत," एवढंच सर म्हणाले.

तेव्हापासून आमच्या मेळाव्याचा अर्धा दिवस मैदानाचा असतो. मी वर्षभर वाट बघते ती या अर्ध्या दिवसाची.

पहिली दहा मिनिटं अवघड जातात, आजही जातात. कोणी घड्याळ काढून नीट रुमालात गुंडाळतं, कोणी पदर खोचावा की नको या विचारात उभी असते, कोणी फोन आल्याचं निमित्त करून झाडाखाली सरकतं. ही कोंडी फुटते ती चकताना. तिघांनी हात एकमेकांत गुंफायचे, वर न्यायचे आणि खाली आणताना तळवा उताणा किंवा पालथा टाकायचा. दोघांचे सारखे आणि एकाचा वेगळा पडला की तो वेगळा सुटला. सुटत सुटत शेवटी जो उरेल त्याच्यावर राज्य. पन्नाशीच्या तीन माणसांनी हात हातात घेतले की हुद्दे कुठल्या कुठे जातात. कोण कोणाचा साहेब, कोणाचं घर केवढं, तळव्याला काही ठाऊक नसतं. आणि सुटल्यावर जो चित्कार निघतो, तो पदोन्नतीच्या पत्रावर निघालेला मी अजून ऐकलेला नाही.

मग भांडणं सुरू होतात. भांडणं हवीतच! "शिवलं नाही, फक्त ओढणीला लागलं." "रेषेवर पाय होता." "मी आधीच टाइमप्लीज घेतली होती." आमच्यातले दोघं जण एरवी कामानिमित्त रोज वाटाघाटी करतात, अत्यंत मोजून बोलतात. लंगडीत दुसरा पाय टेकला की नाही यावरून ते दोघं असे जीव तोडून भांडले की सरांना शिट्टी वाजवावी लागली. पुढच्याच डावात ते एका बाजूने खेळत होते आणि मघाचं काहीच मनात नव्हतं. मोठेपणी आपण भांडण टाळतो, गिळतो, किंवा वर्षानुवर्षं जपून ठेवतो. पूर्ण जोर लावून भांडायचं आणि पुढचा डाव सुरू झाला की सोडून द्यायचं, हे मला मैदानावरच परत सापडलं.

खो-खोचं वेड आमच्यात अलीकडे जास्तच चढलंय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोन्ही संघांनी तो जिंकला. आमच्या वर्गातली एक शाळेच्या संघात होती. तिने ते सामने टीव्हीसमोर उभं राहून बघितले, बसवेचना म्हणाली. हा खेळ नियमांत बसवण्याचं काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ च्या सुमाराला सुरू झालं, हेही तिनेच आम्हाला ऐकवलं, आणि नंतर मैदानावर चुना घेऊन स्वतः चौकोन आखले.

खो-खो आमच्या वयाला किती शोभतो हे खेळल्यावर कळलं. आठ जण ओळीत बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलाग करणारा. त्याला मधली रेषा ओलांडायची नाही, एकदा धरलेली दिशा सोडायची नाही. दम लागला, किंवा पळणारा पलीकडे निसटला, की बसलेल्याच्या पाठीवर थाप मारायची आणि 'खो' म्हणायचं. मग तो उठून धावतो आणि आपण त्याच्या जागेवर बसतो. मी उकिडवी बसले होते, एक हात जमिनीला टेकवून, टाच उचललेली. मागून पावलांचा आवाज येत होता, तो माझ्यासाठी आहे की पुढच्यासाठी हे कळत नव्हतं. सगळी पाठ कान होऊन बसली होती. थाप पडली आणि मी धावत सुटले. किती धावले ते सांगण्यासारखं नाही, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात घरचं, दारचं, कशाचंही काही नव्हतं. असं रिकामं डोकं मला एरवी कुठेच मिळत नाही.

आमच्यातल्या एकाचा गुडघा बदललाय. पहिल्या वर्षी तो कठड्यावर बसून टाळ्या वाजवत होता. कोणीतरी ओरडलं, "अरे, याला कच्चं लिंबू घ्या ना!" आणि प्रश्न मिटला. लहानपणी प्रत्येक गल्लीत असं एखादं कच्चं लिंबू असायचंच. कोणाचा तरी धाकटा भाऊ, कोणाची तरी शेंबडी बहीण. त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, ओरडू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य आणायचं नाही. त्याला आपण खरेखुरे खेळतोय असंच वाटायचं आणि बाकीचे ते वाटणं मोडायचे नाहीत. सात-आठ वर्षांची पोरं कोणी न शिकवता इतकं शहाणपण वापरत होती, याचं मला आज फार आश्चर्य वाटतं. मोठ्यांच्या व्यवहारात अशी जागा नाही. तिथे एक तर तुम्ही पुरे पडता, नाही तर बाहेर बसता. आमचा हा मित्र चालत चालत लंगडीच्या मैदानात फिरला, दोघांना वाचवण्यासाठी मध्ये आडवा उभा राहिला, आणि तासाभराने कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आता मला पक्कं करा." केलं.

व्हरांड्यात सागरगोटे चालू असतात. तिथे मैदानासारखा गोंगाट नसतो, पण चुरस तितकीच. एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा उचलायचा आणि त्याच हातात वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन. नजर वरच्या गोट्यावर ठेवायची की खालच्यावर, यातच सगळं आलं. आमच्यातल्या पटाईत बायका कुठेच बघत नाहीत, त्यांच्या बोटांनाच सगळं दिसतं. हाच खेळ प्राचीन ग्रीसमध्ये मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी खेळत. चित्रकलेच्या बाईंनी एकदा मेळाव्याला एका जुन्या चित्राची मोठी प्रत आणली होती. पीटर ब्रॉयगल या चित्रकाराने १५६० मध्ये काढलेलं हे चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात दोनशेहून जास्त मुलं ऐंशीच्या आसपास खेळ खेळताना दिसतात. चाक फिरवणारी, एकमेकांवरून उड्या मारणारी, काठीचा घोडा केलेली. डाव्या कोपऱ्यात खाली दोघी जणी हाडांचे सागरगोटे खेळतायत. बाईंनी आम्हाला चेहरे बघायला सांगितले. मुलांचे चेहरे मोठ्या माणसांसारखे आहेत, आणि कमालीचे गंभीर. अभ्यासकांनी याचे नाना अर्थ लावलेत. मला त्यात आमचा व्हरांडा दिसला.

लगोरीची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण तिने माझी एक समजूत बदलली. आम्ही सगळे 'बालपण परत मिळालं' असं सहज म्हणत होतो. आमच्या वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी त्या वर्षी पहिल्यांदाच मेळाव्याला आली होती. लगोरी खेळायला चल म्हटलं तर म्हणाली, "मला येत नाही." आम्हाला वाटलं विसरली असेल. ती म्हणाली, "विसरले नाही गं. कधी खेळलेच नाही. धाकटी तिघं होती, एक कायम कडेवर. शाळा सुटली की घरी." पुढे ती थोडी मोठी झाल्यावर 'आता काय पोरांत खेळायचं' म्हणून उरलंसुरलंही बंद झालं होतं. ती मैदानाच्या कडेला उभी राहून आमचे खेळ बघायची, हे मला तेव्हा आठवलं. ती का खेळत नाही, असं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

तिला आमच्या बाजूने घेतलं. सात चपट्या दगडांची लगोरी, सगळ्यात मोठा खाली, सगळ्यात लहान वर. आमच्या एकाने चेंडू मारून ती फोडली आणि आम्ही पांगलो. आता चेंडू लागण्याआधी ती परत रचायची. दोन जण बाद झाले, आणि दगडांजवळ ती एकटीच उरली. तिने पळापळ केली नाही. गुडघ्यांवर बसली, दगड हातात घेऊन आकार बघितला, खालचा ठेवला, त्यावर दुसरा. चौथा घसरला तो पुन्हा ठेवला. समोरून चेंडू येतोय हे आम्ही सगळे ओरडून सांगत होतो. शेवटचा दगड टेकवला तेव्हा तिची बोटं थरथरत होती, आणि तिने जो 'लगोरी!' असा आवाज दिला तो रस्त्यापलीकडे ऐकू गेला असेल. आमच्या वर्गात कोणी तिचा एवढा मोठा आवाज कधी ऐकलाच नव्हता. नंतर ती बराच वेळ हसत होती आणि डोळे पुसत होती. तेव्हापासून 'परत मिळालं' हे शब्द मी जपून वापरते. कित्येकांना ते पहिल्यांदाच मिळत असतं, आणि पन्नाशीत मिळालं म्हणून त्याची गोडी कमी होत नाही.

'मला नाही बाई हे जमणार' म्हणणारेही दर वर्षी भेटतात. त्यांना मी रेने प्रॉयर यांचं सांगते. जर्मनीतल्या हाले-विटेनबर्ग विद्यापीठातले हे मानसशास्त्रज्ञ मोठ्या माणसांच्या खेळकरपणाचाच अभ्यास करतात. त्यांच्या मते त्याच्या चार तऱ्हा आहेत. कोणी माणसांशी थट्टामस्करीत रमतो, कोणी आयुष्य फार आखणी न करता हलकं घेतो, कोणी कल्पनांशी आणि कोड्यांशी खेळतो, तर कोणाला चमत्कारिक, जगावेगळ्या गोष्टींची ओढ असते. म्हणजे मैदानात धावणाराच खेळकर असं नाही. आमचा हिशेबनीस मित्र धावत नाही, पण मेळाव्याच्या दिवशी शाळाभर चिठ्ठ्या लपवून सगळ्यांना कोड्यांमागे पळवतो. प्रॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक प्रयोगही प्रसिद्ध केला. लोकांना आठवडाभर रोज छोटे छोटे पाठ दिले होते, जसं की झोपण्याआधी दिवसातले तीन खेळकर क्षण लिहून काढणं. त्याने खेळकरपणा वाढला आणि मनही जास्त प्रसन्न राहिलं. आमच्यातल्या काही जणी असं लिहितात. एकीच्या वहीत मी वाचलं: 'लिफ्टमध्ये कोणी नव्हतं, लंगडी घातली.'

आणि उंदरांचं तर मला फारच आवडतं. बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये उंदरांना माणसांबरोबर लपंडाव खेळायला शिकवलं. खायला काही दिलं नाही, बक्षीस म्हणून फक्त गुदगुल्या आणि दंगामस्ती. उंदीर लपायलाही शिकले आणि शोधायलाही. लपल्यावर गप्प राहायचे, आणि सापडल्यावर पुष्कळदा पळून जाऊन पुन्हा लपायचे, म्हणजे खेळ संपायला नको. अगदी आमच्यासारखेच. आमच्या मेळाव्यातही अंधार पडायला लागला की कोणीतरी म्हणतंच, "शेवटचा डाव." मग त्यानंतर खरंच शेवटचा.

यंदाची तारीख ठरली आहे, खेळांवर अजून वाद चालू आहे. सर येणार आहेत, खुर्ची टाकून शिट्टी त्यांच्याकडेच. भांडण आहे ते डबा ऐसपैसवरून. लपलेल्यांनी एकमेकांचे कपडे बदलून राज्य असलेल्याला फसवायचं की नाही? त्याने डोकं किंवा बाही बघून चुकीचं नाव घेतलं की राज्य पुन्हा त्याच्यावरच. मुख्याध्यापिका मैत्रीण म्हणते, ही फसवणूक आहे. मुलं म्हणतात, मग त्या खेळात उरलं काय? एकाने चार सारख्या टोप्या आणून ठेवल्याची बातमी आहे. निर्णय सरांवर सोपवलाय, आणि सर कोणालाच काही सांगत नाहीयेत. माझी निळी ओढणी जिच्या लाल ओढणीशी बदलायची तिला मी कालच फोन करून ठेवलाय.