तुम्ही विचारलंत म्हणून: सीआरएसची परीक्षा कधी असते?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे पालक मला हे हमखास विचारतात. "काका, ते सीआरएस असतात ना, नवी लाईन पास करणारे, त्या पोस्टची परीक्षा कधी असते?" मी रेल्वेत सिव्हिलकडे नोकरी केली, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. आणि तो का येतो हेही कळतं. अहिल्यानगर ते बीड गाडी सप्टेंबर २०२५मध्ये सुरू झाली, पण त्याआधी टप्प्याटप्प्याने तिकडच्या वर्तमानपत्रांत एकच विषय असायचा: वेगचाचणी झाली का, सीआरएस काय म्हणाले. एका माणसाच्या सहीसाठी अख्खा जिल्हा खोळंबलेला दिसला, की ती खुर्ची आपल्या पोराला मिळावी असं कुणालाही वाटणार.

तर उत्तर असं, की अशी परीक्षा नसते. सीआरएस म्हणजे रेल्वे संरक्षा आयुक्त, आणि तो आधी रेल्वेतला अधिकारी असावा लागतो. वर्षानुवर्षं लाईनवर काढलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांतूनच ही निवड होते. म्हणजे बावीस-तेविसाव्या वर्षी द्यायची परीक्षा वेगळीच आहे: यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा. मध्यंतरी रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करून भरतीच्या नियमांची बरीच उलथापालथ झाली, पण आता तो रस्ता पुन्हा उघडलेला आहे. गॅझेटेड अधिकारी व्हायचं नसेल किंवा जमणार नसेल, तर आरआरबी म्हणजे रेल्वे भरती मंडळातून ज्युनिअर इंजिनिअर व्हा. विभागातले सेफ्टी काउन्सेलर अशाच सुपरवायझर मंडळींतून येतात. माझ्या मते रेल्वेतली खरी रोजची देखरेख तेच करतात: गेटमनला रात्री दोनला जाऊन नियम विचारणं, ट्रॅकमनच्या टोळीकडे झेंडे नि गाडीला इशारा द्यायला रुळावर ठेवायचे फटाके आहेत का बघणं. त्यांचं नाव पेपरात येत नाही, म्हणून त्यांच्या परीक्षेबद्दल मला कोणी विचारत नाही.

हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे रेल्वेचाच माणूस रेल्वेला तपासणार? मग काय उपयोग?"

हा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे, आणि सरकारलाही तो फार पूर्वी पडलेला आहे. इंग्रजांच्या काळात तपासणी करणारे निरीक्षक १९०५ नंतर रेल्वे बोर्डाच्याच हाताखाली होते. ज्याच्या गाड्या, त्याचाच तपासनीस. १९३५च्या कायद्याने तत्त्व मांडलं की गाड्या चालवणारा आणि त्यांची सुरक्षितता बघणारा वेगळा हवा. प्रत्यक्षात हे १९४१मध्ये झालं. निरीक्षकांना रेल्वे बोर्डाकडून काढून पोस्ट आणि हवाई खात्याकडे दिलं. १९६१मध्ये नाव बदलून 'रेल्वे संरक्षा आयोग' झालं, आणि खात्यांची वाटणी होता होता हा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे जो राहिला तो आजतागायत. मुख्यालय लखनऊला, देशभरात नऊ सर्कल, त्यातली मध्य आणि पश्चिम ही दोन मुंबईत. रेल्वेचा तपासनीस विमानखात्याच्या पगारावर, हे ऐकून लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ज्या मंत्र्याला लाईनच्या उद्घाटनाचा नारळ फोडायचा आहे, त्याच्या हातात तपासणाऱ्याच्या नोकरीचा गोपनीय अहवाल नसावा, एवढीच त्यामागची अक्कल आहे.

मात्र हे वेगळेपण अर्धंच. खातं वेगळं असलं तरी माणूस त्याच गोतावळ्यातला. समोर उभा असलेला चीफ इंजिनिअर कदाचित त्याचा बॅचमेट असतो. पण बाहेरचा माणूस आणला तर त्याला काय दिसेल? मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने या तपासण्या पाहिल्या आहेत. साहेब मोटर ट्रॉलीवर बसतात आणि वाटेत कुठेही थांबवतात. वळणावर दोरी लावून व्हर्साइन, म्हणजे रूळ किती वळलाय ते मोजायला सांगतात, गाडी रूळ बदलते त्या पॉइंटपाशी उतरून गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर तपासतात, पुलाखाली जाऊन बेअरिंग बघतात. रिले रूमच्या, म्हणजे सिग्नलची सर्किटं असलेल्या खोलीच्या, कुलपाची नोंदवही मागतात. गेटमनला विचारतात, गेट बंद होत नसेल आणि गाडी यायची असेल तर तू काय करशील? उत्तर देताना गेटमन आपल्या इन्स्पेक्टरकडे बघायला लागला, की साहेबांना जे कळायचं ते कळतं. लपवलेलं कुठे असतं हे ज्याने स्वतः लाईन सांभाळली आहे त्यालाच ठाऊक. म्हणून मी रेल्वेतल्याच माणसाच्या बाजूने आहे. फक्त एकदा आयोगात गेल्यावर त्याला परतीचं तिकीट नसावं.

आता सहीबद्दल. १९८९च्या रेल्वे कायद्यातली २१ आणि २२ ही कलमं या नोकरीचा कणा आहेत. नवी लाईन मंजुरीशिवाय प्रवाशांसाठी उघडता येत नाही, आणि मंजुरीआधी आयुक्ताने लेखी द्यावं लागतं: मापं पाळली आहेत, पूल आणि रूळ ठरलेला भार पेलतील, आणि आपल्या मते जनतेला कोणताही धोका न होता ही लाईन उघडता येईल. यातलं 'आपल्या मते' फार जड असतं. 'बहुतेक ठीक आहे' असं लिहायला तिथे जागाच नाही. साहेब वेग कमी करून देऊ शकतात, अटी घालू शकतात, अमुक पूर्ण करून या म्हणून परत पाठवू शकतात. मेट्रोलाही हेच. २००२चा मेट्रोचा कायदा आधी दिल्लीपुरता होता, २००९मध्ये तो इतर शहरांना लागू करायची सोय झाली, आणि मग पुणे असो की नागपूर, नवा टप्पा उघडायचा तर मेट्रो रेल्वे संरक्षा आयुक्ताची मंजुरी आलीच. उद्घाटनाची तारीख आधी जाहीर होते आणि तपासणी नंतर लागते, असं आपल्याकडे सर्रास घडतं. ज्याला अशा वेळी 'अजून नाही' म्हणता येणार नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

कारण उघडण्याआधी जेवढी ताकद, तेवढी नंतर राहत नाही. लाईन एकदा चालू झाली की ती धोकादायक वाटली तरी आयुक्त स्वतः बंद करू शकत नाही. तो अहवाल देतो, बंद करायचा हुकूम सरकार काढतं. अपघात झाला तर कलम ११४खाली चौकशी करतो. पेपरात नोटीस येते, कुणाला काही माहीत असेल तर येऊन सांगा म्हणून. ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर, प्रवासी, सगळ्यांचे जबाब होतात. शेवटी कारण आणि शिफारशी. फक्त शिफारशी. शिक्षा करणं रेल्वेकडे, खटला पोलिसांकडे. अमेरिकेत चौकशी करणारी एनटीएसबी आहे, तिलाही शिफारशीपलीकडे अधिकार नाही, पण तिथे रोजची तपासणी करून दंड ठोकणारी एफआरए ही दुसरी संस्था आहे. आपल्याकडे लाईन पास करणारं आणि त्याच लाईनवरच्या अपघाताची चौकशी करणारं सर्कल बहुधा एकच असतं. मला हे मुळातून चुकीचं वाटतं. आपल्याच खुर्चीच्या सहीवर प्रश्नचिन्ह लावणं कुणालाही जड जाईल.

२ जून २०२३ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्सप्रेस मालगाडीवर आदळली. २९०हून अधिक माणसं गेली. चौकशी दक्षिण-पूर्व सर्कलच्या आयुक्तांनी केली, आणि निष्कर्ष सरकारने राज्यसभेत सांगितला: सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलातली चूक, आणि फाटक क्रमांक ९४चा बॅरिअर बदलताना झालेल्या कामातली चूक. त्या संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याला सिग्नल हिरवा होता. घोळ त्याला दिसेल अशा ठिकाणी नव्हताच, तो वायरींच्या पेटीत होता.

आणि काही मृत्यू या टेबलावर येतच नाहीत. रेल्वेच्या सुरक्षिततेवर नेमलेल्या अनिल काकोडकरांच्या समितीने २०१२मध्ये लिहिलं होतं की रूळ ओलांडताना वगैरे देशात वर्षाला सुमारे १५,००० माणसं मरतात, त्यातली ६,०००च्या आसपास एकट्या मुंबईच्या लोकल मार्गांवर. रूळ ओलांडणारा स्वतःच्या चुकीने गेला असं धरलं जातं, त्यामुळे आयुक्ताची चौकशी लागत नाही. त्याच समितीने स्वतंत्र, कायद्याने उभं केलेलं संरक्षा प्राधिकरण करा म्हटलं होतं. ते अजून झालेलं नाही. बहानग्याच्या चौकशीइतकी कसून चौकशी ठाणे ते दिवा या पट्ट्याची एकदा व्हायला हवी, असं मला राहून राहून वाटतं.

पालक हे सगळं ऐकतात आणि विचारतात, "मग शाखा कोणती घ्यावी?" या खुर्चीवर पूर्वापार सिव्हिलवाल्यांचा वरचष्मा आहे, लखनऊच्या कार्यालयात सिग्नल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलचे उपायुक्त असतात. मी स्वतः सिव्हिलचा, तरी मुलाला सर्किट वाचायची आवड असेल तर सिग्नलकडे जा म्हणतो. पुलाला गेलेला तडा निदान दिसतो. आणि कुठलीही शाखा घेतलीत तरी लिहायला शिका. चार दिवसांच्या जबाबांतून दोन पानांत नेमकं कारण मांडता आलं नाही, तर ती शिफारस फायलीत जाते, आणि फायलीतून ती परत काढणारं कुणी नसतं.